त्या पैशांवर कोणाचे नाव?



दिवाळीनंतरच्या एका रविवारी मिस्सा आटोपून मी व्हरांड्यात उभा होतो. एक भाऊ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "फादर, अतिवृष्टीचे पैसे खात्यात आलेत. सातबारा माझ्या नावावर, पण रान केलं बटईदारानं. मग पैसे कोणाचे?" मी म्हटले, "पुढच्या रविवारी सांगतो." (हे संभाषण व्हरांड्यातले आहे, पापनिवेदनातले नव्हे. ते कोण, असा अंदाज बांधत बसू नका. त्यानंतर आणखी दोघांनी मला हाच प्रश्न विचारला आहे.)

तो पुढचा रविवार येऊन गेला. नाताळ झाला, नवे वर्ष लागले. मी त्यांना उत्तर दिले नाही. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एवढ्या प्रश्नाचे उत्तर येऊ नये, असे तुम्हाला वाटेल. खरे कारण वेगळेच आहे. तसलेच पैसे माझ्याही खात्यात आले होते, आणि त्या रविवारी सकाळपर्यंत ते कोणाचे, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

आमचे गाव गोदाकाठचे. वडील गेल्यावर सहा एकर रान आम्हा दोघा भावांच्या नावे लागले. काही जणांना प्रश्न पडतो की फादरच्या नावावर जमीन कशी? दारिद्र्याचे व्रत संन्याशी फादर घेतात. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्याचे आणि आज्ञापालनाचे वचन देतो. वडिलार्जित मालमत्ता आमच्या नावे राहू शकते. तर माझ्या वाट्याचे रान १ हेक्टर २० आर. पुतण्याने गेल्या वर्षी माझा शेतकरी ओळख क्रमांक काढून घेतला, केवायसीसाठी माझा अंगठा घेतला आणि मी ते विसरून गेलो. मग मोबाइलवर संदेश आला, १०,२०० रुपये जमा. काही आठवड्यांनी दुसरा, १२,००० रुपये जमा. त्या वेळी मी कोणाच्या तरी घरी जेवायला बसलो होतो. "देव बरं करो," असे काहीतरी पुटपुटलो आणि भाकरी मोडली.

हे पैसे कुठून आले ते थोडे सांगतो, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातूनच निघतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झाले ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, शेंगांतच त्याला कोंब फुटले. नदीकाठची माती खरडून गेली, विहिरी गाळाने भरल्या, दावणीची जनावरे वाहून गेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २९ जिल्हे, २५३ तालुके, ६८ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरील पिकांचे नुकसान, असे त्या वेळी सांगण्यात आले. आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळत होते. त्यावर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये राज्याने वाढवून दिले, आणि मर्यादा दोनवरून तीन हेक्टर केली. माझे १०,२०० आणि १२,००० कसे आले ते आता तुम्हीच गुणून पाहा.

हिशेब चोख आहे, पण तो हेक्टरांचा आहे. किती बी पेरले, कोणी पेरले, कोणाची पाठ वाकली, हे त्या गुणाकारात कुठेच येत नाही. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेले की नाही एवढे पंचनाम्यात लिहायचे आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात पैसे टाकायचे.

तलाठ्याला नावे ठेवायला मी हे लिहीत नाही. एकेका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावे. चिखलात मोटारसायकल जात नाही. त्याने प्रत्येक बांधावर उभे राहून "हे रान खरोखर कोण कसतं?" असे विचारायचे ठरवले तर पुढचा पावसाळा येईल. आणि विचारले तरी उत्तर कोण देणार? ज्याचा आवाज मोठा तो. कागदाचे एवढे बरे असते की तो निदान कोणाच्या आवाजाला घाबरत नाही. कागद नव्हता तेव्हा मदत पाटलाच्या वाड्यावरून वाटली जात असे आणि आपल्या आज्या-पणज्या त्या वाड्याच्या पायरीपर्यंतही पोहोचत नसत. म्हणून कागदावर राग काढण्यात अर्थ नाही. पण कागद फक्त पैसे कोणाला द्यायचे एवढे सांगतो. ते पैसे कोणाचे आहेत, हे सांगायची ताकद त्याच्यात आहे का, असा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सांगतात. दुष्काळात लोक मरू लागले तेव्हा या अंमलदाराने बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार उघडले. कोठार दामाजीचे नव्हते, बादशहाचे होते. मग ती चोरी झाली काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमका असाच प्रश्न घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की पृथ्वीवरची संपत्ती मुळात सगळ्यांच्या गरजेसाठी आहे. तिची मालकी वाटून दिली ती व्यवस्था नीट राहावी म्हणून. गरज जेव्हा प्राणावर बेतते तेव्हा ते मूळ प्रयोजन पुन्हा वर येते, आणि भुकेल्याने घेतलेले अन्न चोरी ठरत नाही. दामाजीची गोष्ट आणि थॉमसचा विचार यांत शेकडो कोसांचे अंतर आहे. पण दोघांनाही कोठारावरच्या नावापेक्षा कोठाराबाहेरच्या माणसाचे पोट आधी दिसले. आणि दामाजीची सुटका करायला विठोबा महाराच्या रूपात दरबारात गेला, असे लोक सांगतात. कथा आपली नसली तरी ही जागा मला फार आवडते.

तेव्हा सरकारची मदत म्हणजे राजाने खूश होऊन दिलेले बक्षीस नव्हे. तो सगळ्यांचा पैसा आहे. काडेपेटी विकत घेणारी मजूर बाईसुद्धा कर भरते. ज्याचे गेले त्याला तो पैसा पोहोचायचा आहे. ज्याचे काहीच गेले नाही आणि ओळखीने यादीत नाव आले, त्याच्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. ते पैसे त्याचे नाहीत हे त्याला कळते. अवघड जागा वेगळी आहे. एकाच पिकात तिघांचे गेलेले असते, आणि पैसे एकाच्या खात्यात येतात.

नेहमीच असे होते असे नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आपल्यात अजून आहेत. त्यांना सुकडी आठवते, मिलो आठवते, खडी फोडून हाताला आलेले घट्टे आठवतात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या कामांवर सातबारा कोणी विचारत नव्हते. हात दाखवायचे, टिकाव घ्यायचा, संध्याकाळी हजेरी लागायची. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा राज्यात कायदा झाला आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले काही रुपये आमच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईला मिळत. ते दिवस सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. माझी आई त्या खडीवर होती आणि तिला त्या दिवसांचे नाव काढलेले आवडत नसे. पण ती मदत हाताला मिळत होती. आताची मदत जमिनीला मिळते. ज्याला जमीन नाही त्याचे नुकसान मोजायला हेक्टर कुठून आणायचे?

आपल्या धर्मग्रामात निम्म्याहून अधिक घरांकडे सातबारा नाही, हे मी सांगायला नको. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जाणारे, दुसऱ्याचे रान अर्धेलीने करणारे, रोजाने खुरपायला जाणारे आपले लोक आहेत. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना घरासाठी थोडीफार मदत मिळाली. पण सोयाबीन कुजल्यामुळे काढणीचे पंधरा-वीस दिवसांचे काम बुडाले, त्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा झाल्याचे मी आपल्या गावांत ऐकले नाही.

बटईदाराची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. स्वातंत्र्यानंतर 'कसेल त्याची जमीन' म्हणून कूळकायदे झाले. तिकडे मुंबई इलाख्यात १९४८ चा, इकडे हैदराबाद संस्थानाच्या मुलखात १९५० चा. कित्येक कुळांना त्यामुळे जमिनी मिळाल्या, आणि ते न्यायाचेच झाले. पण तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात भीती बसली. कसणाऱ्याचे नाव एकदा कागदावर लागले की रान गेले! म्हणून बटई तोंडी झाली. पाडव्याला झाडाखाली बसायचे, सुपारी फोडायची, शब्द द्यायचा. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून कायदा झाला, आणि त्याच कायद्याच्या धाकाने आजचा कसणारा कागदावरून पुसला गेला. आमच्या घरीही असेच चालते. आमचे रान गेली अकरा वर्षे एक तात्या करतात. बी-खतात अर्धा वाटा आमचा, कष्ट सगळे त्यांचे, पीक निम्मे-निम्मे. कुठे एक ओळ लिहिलेली नाही.

व्हरांड्यातला तो प्रश्न ऐकल्यावर मी प्रथम काय केले असेल तर माझ्या बाजूचे युक्तिवाद शोधले. ते सापडतातही. सरकारने मला दिले, मी मागितले नाही. कायद्याने ते माझे. शिवाय माझेही अर्धे पीक गेलेच की. मग एक दिवस निकषांच्या कागदातला एक शब्द नजरेस पडला. हेक्टरी ८,५०० रुपयांच्या त्या रकमेचे सरकारी नाव आहे 'निविष्ठा अनुदान'. निविष्ठा म्हणजे शेतात जे घातले ते. बी, खत, औषध. म्हणजे सरकार स्वतःच सांगते आहे की जमीन आहे म्हणून हे पैसे नाहीत. जमिनीत काही घातले आणि ते बुडाले, म्हणून आहेत. आणि वरचे दहा हजार तर रब्बीच्या पेरणीसाठी. रब्बी कोण पेरणार? मी? मला तिफण धरून वीस वर्षे झाली.

एवढा विचार करून, मनातल्या मनात थोडा खूश होऊन, मी गावी गेलो. १०,२०० चे अर्धे आणि १२,००० पुरे तात्यांना द्यायचे असे ठरवले होते. तात्या ओट्यावर बसले होते. मी हिशेब सांगितला. ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या त्यांच्या कारभारीणबाई, आतून, चुलीपासून. "भाऊ, ते राहू द्या वाट्याचं. खुरपणीच्या बायांचं काय करायचं ते सांगा आधी. रोज दारावरून जातात त्या."

मला काही उमगेना. मग कळले. ऑगस्टमध्ये दुसरी खुरपणी झाली होती. दहा बाया, तीन दिवस, तीनशे रुपये रोज. पहिल्या खुरपणीचे पैसे तात्यांनी उसनवारी करून दिले. दुसऱ्यांदा म्हणाले, सोयाबीन निघाल्यावर देतो. बाया कबूल झाल्या. ओळखीचा माणूस, शब्दाचा पक्का. सोयाबीन निघालेच नाही. बाईमागे नऊशे रुपये, एकूण नऊ हजार, तसेच राहिले. आमच्या रानातले तण काढल्याचे पैसे. मी वर्षातून दोनदा गावी जातो, ज्वारीचे पोते घेऊन येतो, आणि मला हे ठाऊक नव्हते. पैसे मिळाल्याचा संदेश मला दोन वेळा आला होता. हा संदेश पोहोचायला चार महिने लागले, आणि तोही मी जाऊन चुलीजवळ उभा राहिलो तेव्हा.

पुतण्या सोबत होता. तो शिकलेला आहे, व्यवहार जाणतो. परतताना म्हणाला, "काका, मजुरी तात्यांकडं. अर्धेलीत असंच असतं. ते त्यांचं बघून घेतील." त्याचे चूक नव्हते. विनिमयाचा न्याय असे आम्ही पुस्तकात शिकलो. जे ठरले ते पाळणे, घेतले ते फेडणे. त्या न्यायाने बायांचे देणे तात्यांवर आहे, माझ्यावर नाही. पण त्याच पुस्तकात दुसरा न्यायही आहे, वितरणाचा. जे सगळ्यांचे आहे ते ज्याला त्याला त्याच्या वाट्याप्रमाणे पोहोचवणे. सरकारने तो न्याय करायला घेतला आणि तो माझ्या खात्यापर्यंत येऊन थांबला. आता त्याचे उरलेले टोक माझ्या हातात होते. ज्यांना मी कधी कामाला बोलावले नाही, ज्यांची नावे मला माहीत नव्हती, त्यांच्याशी माझा करार नव्हता हे खरे. पण त्यांच्या घामाने वाढलेल्या पिकाचे पैसे मी घेऊन बसलो होतो.

पुतण्याला मी आजीची गोष्ट सांगितली. आजी सुगीनंतर सरवा वेचायला जायची. मालकाची कणसे खुडून झाली की मागे पडलेली वेचायची तिची. आजही मळणी झाल्यावर सांडलेले सोयाबीन आपल्या बाया वेचतातच. रूथने बवाजच्या शेतात तेच केले, आणि मोशेच्या नियमशास्त्राने शेताचा कोपरा कापू नये असे मालकालाच बजावले आहे. त्या नियमात मालकाने कोपरा द्यायचा नसतो, सोडायचा असतो. आजीच्या सरव्यात अपमानही होता, हे मी पुतण्यापासून लपवले नाही. मालकाची नजर, हाकलून देणे, खळ्यावर दूर उभे राहणे. पण त्या अपमानातही एक हक्क होता, आणि तो तोंडी व्यवहारातच जिवंत होता. पिकाऐवजी पैसे बँकेत आले, त्या दिवशी सरवा संपला. खात्यातून खाली सांडत काही नाही.

पुतण्या म्हणाला, "मग सरकारनं त्यांच्यासाठी वेगळं काढायला पाहिजे." बरोबर आहे, पाहिजेच. बटईदाराची नोंद मालकाला भीती न वाटता करता यावी, बुडालेल्या मजुरीचाही पंचनामा व्हावा, हे मागितले पाहिजे. ग्रामसभेत मागितले पाहिजे आणि फक्त मजुरांनी नव्हे, सातबारावाल्यांनी मागितले पाहिजे. पण ते होईपर्यंत माझ्या खात्यातले पैसे काय करू, हा प्रश्न तसाच राहतो. मी सरकारकडे बोट दाखवले, तरी ते नऊशे रुपये त्या बाईच्या ओच्यात पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या बँकेतून मी पैसे काढले. नऊ हजार तात्यांच्या हातात दिले, बायांना त्यांनीच वाटावेत म्हणून. शब्द त्यांचा होता, तो त्यांच्या हातून पुरा होणे बरे. रब्बीचे बारा हजार वेगळे दिले. बाराशे उरले आहेत. त्यांत माझ्या बियाण्याचा अर्धा खर्चही निघत नाही, आणि तो निघावा असे मला अधूनमधून वाटते, हेही कबूल करतो.

पैसे मोजून घेताना तात्यांनी एकच विचारले. "दादाला विचारलंय का?" दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याच्याही खात्यात तेवढेच पैसे आले आहेत. मी म्हटले, "माझ्या वाट्याचे मी देतोय." तात्या म्हणाले, "फादर, तुम्ही देऊन जाल निघून. रान दादा बघतो."

तेव्हा त्यांच्या बोलण्याचा रोख माझ्या ध्यानात आला नाही. गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. दादा म्हणतो आहे की यंदापासून बटई नको. ट्रॅक्टर भाड्याने घेऊ, रान घरीच करू. एकाला दिले की दुसऱ्याने मागायचे, हा घोळच नको. मी दादाशी बोललो. तो रागावलेला नव्हता. शांतपणे म्हणाला, "तुझं ताट धर्मग्रामाच्या स्वयंपाकघरात वाढलं जातं. माझं या रानात." मला त्यावर बोलता आले नाही. त्याचीही दोन मुले शिकताहेत, सोयाबीन त्याचेही गेले आहे, आणि सोसायटीचे कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर आहे.

व्हरांड्यात विचारणाऱ्या भावांना मी आता एवढे सांगू शकतो. माझ्या समजुतीप्रमाणे ते पैसे प्रथम ज्यांची मजुरी थकली त्यांचे, मग ज्याने बी घातले आणि पाठ वाकवली त्याचे, आणि मग तुमचे. पण हे सांगणारा माणूस स्वतः ते करून सुटलेला नाही, हेही तुम्हाला ठाऊक असावे. पाडव्याला बटईचे नवे बोलणे होते. मी त्या दिवशी सकाळची मिस्सा करून गावी जाणार आहे. दादा असेल, पुतण्या असेल. तात्यांना निरोप धाडला आहे. ते येतो म्हणाले नाहीत, येत नाही असेही म्हणाले नाहीत.

तुमचा,
फादर